बाबांच्या ट्रंकेतली सुपरगर्ल

पत्राचा गोषवारा: डोंबिवलीच्या एका ताईंचे पत्र आहे. त्यांचे वडील मालवाहू बोटीवर नोकरीला होते, चार वर्षांपूर्वी ते गेले. मृत्युपत्र नाही. आई भावाकडे असते. गावचे घर आवरताना वडिलांच्या लोखंडी ट्रंकेत, कपड्यांच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक इंग्रजी कॉमिकचा अंक निघाला: ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’, क्रमांक २५२, मे १९५९. कव्हरवर सुपरमॅन आणि त्याच्यासारखाच पोशाख घातलेली एक मुलगी. अंकाच्या पाठीला, म्हणजे दुमडीच्या कडेला, जुनी सेलोटेप आहे, कव्हर खालच्या पिनेतून सुटले आहे, आतल्या एका पानाचा तुकडा कात्रीने कापलेला आहे आणि कव्हरच्या कोपऱ्यात वडिलांनी निळ्या शाईने देवनागरीत आपले नाव लिहिले आहे. भाच्याने इंटरनेटवर पाहिले की असा अंक लाखांना जातो. त्याचा सल्ला: टेप काढ, इस्त्री कर, अमेरिकेला पाठवून ‘ग्रेड’ करून घे (म्हणजे तपासून श्रेणी ठरवून घे) आणि सिनेमाची हवा आहे तोवर वीक. भाऊ म्हणतो, विकू आणि वाटून घेऊ. मुंबईतल्या एका जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्याने फोटो बघून २५ हजार देऊ केलेत, पण अंक दोन दिवस त्याच्याकडे ठेवायला सांगतो. ताईंची पंधरा वर्षांची मुलगी अंक वाचायला मागते. ताईंची घालमेल अशी, की विकला तर बाबांची आठवण विकल्यासारखे होईल आणि ठेवला तर घरात कुजून जाईल. तोवर लॅमिनेट करून ठेवू का, असे त्या विचारतात.

नमस्कार ताई,

शेवटचा प्रश्न थांबण्याजोगा नाही, म्हणून तो आधी. लॅमिनेशन अजिबात करू नका. गरम रोलरखालून जाताना प्लास्टिकवरचा गोंद वितळून कागदाच्या तंतूंत शिरतो आणि तो पुन्हा निघत नाही. असा अंक कुठलाही संग्राहक घेत नाही. आणि कागद त्याने वाचतही नाही. अंकाचा कागद म्हणजे न्यूजप्रिंट, वर्तमानपत्राचाच स्वस्त कागद. तो लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातल्या लिग्निन या लाकडाच्या घटकामुळे आम्ल तयार होते आणि कागद आतूनच पिवळा, मग ठिसूळ होत जातो. लॅमिनेशनने ते आम्ल आत कोंडले जाते, एवढेच.

इस्त्रीही नको. तुमच्या अंकाच्या पाठीला टेप आहे, म्हणून तर मुळीच नको. त्या काळच्या सेलोटेपचा गोंद रबराचा असे. पन्नास-साठ वर्षांत तो तपकिरी होतो, तेलाच्या डागासारखा कागदात मुरतो आणि वरची पट्टी कडक होऊन सुटायला लागते. उष्णता लागली की मुरलेला गोंद पुन्हा मऊ होऊन पसरतो, शेजारच्या पानालाही धरतो. नखाने पट्टी ओढली तर तिच्याबरोबर कव्हरची शाई उठून येईल आणि खाली पांढरा ओरखडा राहील. हेअर ड्रायर, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर हे सगळे उपाय नेटवर सापडतात. त्यांतला एकही घरी करण्याजोगा नाही. टेप काढायचीच असेल तर कागदाचे जतन शिकलेल्या माणसाच्या हातून. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कला-जतन केंद्र आहे, तिथे चौकशी करता येईल. पण घाई कशाचीच नाही. ती टेप इतकी वर्षे तिथे आहे, आणखी वर्षभर राहिली तरी चालेल.

भाच्याला एक गोष्ट समजावून सांगा, कारण नवख्या माणसाला ती उलटी वाटते. या बाजारात दुरुस्तीने किंमत वाढतेच असे नाही, बहुतेक वेळा मार बसतो. सुरकुतीवरचा पांढरा रंग स्केचपेनने भरला, फाटलेली कड गोंदाने जोडली, खडबडीत कडा कटरने सरळ केली, तर तपासणाऱ्याला ते कळते आणि प्रतीवर ‘दुरुस्त केलेली’ असा शिक्का बसतो. दिसायला ती नीटनेटकी होते, पण तेवढ्याच नीटनेटक्या अस्सल प्रतीच्या भावाला ती जात नाही. कड कापलेली तर परत जोडताच येत नाही. सुटलेली पीनही बदलू नका. गंजलेली असली तरी तीच असू द्या.

आता तुमच्या हातात आहे काय, ते पाहू. हा अंक महत्त्वाचा आहे तो शेवटच्या आठ पानांमुळे. लेखक ऑटो बाइंडर, चित्रकार अल प्लास्टिनो, संपादक मॉर्ट वाइझिंगर. या आठ पानांत सुपरमॅनची चुलत बहीण कारा झोर-एल, म्हणजेच सुपरगर्ल, पहिल्यांदा पृथ्वीवर उतरते. सुपरमॅनचा जन्मग्रह क्रिप्टॉन फुटला तेव्हा तिचे आर्गो हे शहर अख्खेच्या अख्खे बाहेर फेकले गेले आणि वाचले. पुढे तेही संपणार असे दिसल्यावर आईवडिलांनी मुलीला रॉकेटमध्ये बसवून धाडले. तिच्याकडे सुपरमॅनच्या सगळ्या शक्ती आहेत. तरी तो तिला स्वतःकडे ठेवून घेत नाही. मिडव्हेलच्या अनाथाश्रमात ती तपकिरी वेण्यांचा टोप घालून लिंडा ली या नावाने राहते आणि आपली शक्ती लपवते. हे गुपित जगासमोर यायला फेब्रुवारी १९६२चा, २८५वा अंक उजाडावा लागला. जवळजवळ तीन वर्षे या मुलीने जे काही केले ते कोणाला दिसू न देता केले. तुमच्या लेकीने आजोबांच्या ट्रंकेतल्या सगळ्या वस्तूंमधून हीच नेमकी मागावी, यात मला नवल वाटत नाही.

‘सुपरगर्ल’ हे नाव त्याआधी ऑगस्ट १९५८च्या ‘सुपरमॅन’ १२३मध्ये येऊन गेले होते. ती मात्र जादूने अवतरलेली आणि त्याच कथेत संपलेली होती, म्हणून संग्राहक पहिला मान २५२लाच देतात. याच अंकात मेटॅलो हा सुपरमॅनचा शत्रूही पहिल्यांदा आला, त्यामुळे मागणी दुहेरी. छापील किंमत १० सेंट. तेव्हा डॉलर ४ रुपये ७६ पैशांना होता, म्हणजे बाबांना अंक साधारण ४८ नव्या पैशांना पडला असेल. अंकावर महिना मे असला तरी स्टॉलवर तो त्याच्या काही आठवडे आधीच येत असे. बाबांच्या सीडीसीवर, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तिकेत, तेव्हाच्या बोटीचे नाव आणि चढल्या-उतरल्याच्या तारखा असतील, त्या ताडून पाहा. बाजारात त्याने भाव वाढणार नाही, पण अंक घरात कसा आला ते तुम्हा सगळ्यांना कळेल.

तपासणी घरीच होते. जेवणाच्या टेबलावर धुतलेली पांढरी चादर अंथरा. हात साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. सुती हातमोजे नकोत, त्यांत बोटांना पानाची कड कळत नाही आणि ठिसूळ पान फाटते. पंखा बंद करा. अंक पूर्ण उताणा उघडू नका. डाव्या बाजूला दुमडलेला टॉवेल देऊन तो पुस्तकासारखा अर्धवटच उघडा राहील असे बघा. कागद ठिसूळ आहे का हे पाहायला कोपरा दुमडू नका, तोच तुटेल. चादरीवर तांबूस कण सांडतात का एवढे पाहा. सांडत असतील तर कागद शेवटच्या टप्प्यात आहे आणि यापुढे उघडझाप कमीत कमी करायची.

पहिल्या आतल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत प्रकाशनाचा तपशील असतो. तिथे अंक २५२, मे १९५९ आणि नॅशनल कॉमिक्स पब्लिकेशन्स हे नाव हवे. डीसी हे आजचे नाव तेव्हा कंपनीचे नव्हते, ते कव्हरवरच्या गोल चिन्हात असे. भिंगातून पाहिले तर चेहऱ्याचा रंग सपाट दिसत नाही, लाल-पिवळ्या ठिपक्यांचा बनलेला दिसतो. २०००मध्ये या अंकाचे मिलेनियम एडिशन म्हणून पुनर्मुद्रण निघाले. ते कव्हरवरच छापलेले आहे, त्यामुळे घोटाळा होण्याचे कारण नाही. बाबांच्या ट्रंकेतला अंक बनावट असण्याची शक्यता कमीच, पण दुसऱ्या कोणाला असा अंक बाजारात दाखवला गेला तर या खुणा आधी पाहाव्यात.

मग पाने मोजा. कव्हर सोडून ३२ पाने हवीत. हे अंक आठ मोठे कागद एकात एक घालून, मधोमध दुमडून, दोन पिना मारून बनतात. म्हणजे प्रत्येक कागदावर चार पाने. सर्वांत बाहेरच्या कागदावर १, २, ३१ आणि ३२, तर सर्वांत आतल्यावर १५ ते १८. हा हिशेब ध्यानात ठेवला की काय हरवले ते लगेच कळते. मधला कागद पिनांतून सुटून गळून पडणे फार सर्रास होते आणि वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, कारण कथा दुसऱ्या पानावरून तशीच पुढे जाते असे वाटते. तुमच्या अंकात सुपरगर्लची कथा शेवटी आहे, मेटॅलोची आधी, मधे काँगोरिला या दुसऱ्याच नायकाची. म्हणजे तिची पाने बाहेरच्या कागदांच्या मागच्या अर्ध्यावर येतात. समोरचे एखादे पान निसटले असेल तर त्याचा मागचा जोडीदारही सैल झालेला असणार. पहिले पान हलत असेल तर शेवटचेही तपासा.

आता कापलेला तुकडा. या अंकांतल्या जाहिरातींत कूपन असे, पोरे ते कापून पोस्टाने पाठवत. बाबांनी अंक जुना विकत घेतला असेल तर तो कोण्या अमेरिकन मुलानेच कापला असण्याचा संभव जास्त. महत्त्वाचे हे, की भोकाच्या मागच्या बाजूला काय होते? पान उलटून पाहा. तिथेही जाहिरात असेल तर नुकसान मर्यादित. कथेची चौकट किंवा संवादाचा फुगा कापला गेला असेल, तर प्रत ‘कथेला धक्का लागलेली’ ठरते आणि श्रेणी अगदी तळाशी जाते. विकताना हे आपणहून सांगावे लागते, त्याचा फोटो द्यावा लागतो. लपवले तर सौदा परत येतो.

श्रेणी ०.५ ते १०पर्यंत असतात. भाच्याने बघितलेला लाखांचा भाव कुठल्या श्रेणीचा होता ते त्याला विचारा. सहा-सातच्या पुढची प्रत म्हणजे पाठ सरळ, रंग चकचकीत, पिना जागेवर. तुमच्या वर्णनावरून तुमची प्रत, पाने पूर्ण असली तरी, एकच्या आसपास बसेल. कथेचा भाग कापलेला असेल तर ०.५वर. अर्थात प्रत्यक्ष न पाहता कोणी खात्रीने सांगू नये. पण हे ऐकून हिरमुसू नका. पहिल्या सुपरगर्लची फाटकी प्रतही मागणारे लोक आहेत, कारण चांगली परवडत नाही. फक्त श्रेणी बदलली की भाव पटीत बदलतो, आणि दुसऱ्याच्या आठच्या भावावर स्वतःच्या एकची स्वप्ने बेतली की पुढचा प्रत्येक निर्णय चुकतो. बाबांच्या नावाने किंमत कमी होईल का? वरच्या श्रेणीत होते. तुमच्या श्रेणीत टेप आणि सुटलेली पीन यांपुढे ती सही फारशी मोजली जाणार नाही. खोडरबर, ब्लीच यांच्या नादी लागू नका.

भाव पाहायचा कसा? मागितलेली किंमत बघू नका, झालेली विक्री बघा. डॅलसच्या हेरिटेज ऑक्शन्सच्या जुन्या लिलावांचे आकडे नोंदणी केली की दिसतात. ईबेवर ‘विकले गेलेले’ हा पर्याय निवडा. तुमच्याच श्रेणीच्या, मागच्या वर्षभरातल्या पाच-सहा विक्री लिहून काढा, सर्वांत वरची आणि सर्वांत खालची सोडा, उरलेल्यांची सरासरी घ्या. मग त्यातून लिलावाचे कमिशन, ग्रेडिंगचे शुल्क, विम्यासकट पाठवणी आणि पैसे भारतात आणताना बँकेची कपात वजा करा. जो आकडा उरेल तोच तुमच्यासाठी खरा. व्यापाऱ्याचे २५ हजार त्याच्याशी ताडून पाहा. व्यापारी साधारणपणे, विकून जे मिळेल असे त्याला वाटते त्याच्या निम्म्याने किंवा त्याहून कमीने घेतो, कारण माल त्याच्याकडे किती दिवस पडून राहील हे त्यालाही माहीत नसते. तेव्हा कमी बोलला म्हणून तो लबाड ठरत नाही. अंक मात्र त्याच्याकडे दोन दिवस सोडायचा नाही. ज्याला बघायचा आहे त्याने तुमच्यासमोर बसून बघावा.

त्याआधी फोटो काढून ठेवा, कोणाला दाखवण्याआधीच. खिडकीशी सकाळच्या उजेडात, फ्लॅश बंद, शेजारी पट्टी ठेवून: पुढचे आणि मागचे कव्हर, पाठ आडवी, दोन्ही पिना बाहेरून आणि मधल्या पानावर आतून, तळाचा प्रकाशन-तपशील, कापलेले पान दोन्ही बाजूंनी. स्कॅनर वापरू नका, झाकण दाबताना पाठ फुटते. कात्रीच्या त्या तुकड्याचा आकार हीच तुमच्या अंकाची ओळख आहे. अदलाबदल झाली तर त्यावरून सिद्ध करता येईल.

ग्रेडिंगबद्दल माझे मत स्पष्ट आहे: अनोळखी माणसाला, परदेशात, फोटोवरून विकायचे असेल तरच करा. सीजीसी ही कंपनी २०००पासून फ्लोरिडात हे काम करते. अंक तपासून श्रेणी देते आणि कडक प्लास्टिकच्या पेटीत बंद करून परत करते. साध्या प्रतीला निळे लेबल, दुरुस्त केलेलीला जांभळे. शुल्क अंकाच्या किमतीनुसार वाढते. पेटीतला अंक वाचता येत नाही, आणि पेटी फोडली की श्रेणीला अर्थ राहत नाही. घरात ठेवायचा असेल तर हा सगळा खर्च वाया. ग्रेड करायचाच ठरला तर अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकाने हातातल्या बॅगेतून नेलेला बरा, आणि तिथेच विकायचा असेल तर तो परत भारतात आणूच नका. परत येताना तो माल तुमचाच होता हे सीमाशुल्काला पटवणे त्रासाचे असते. त्यासाठी जातानाच कागद केलेले लागतात. हे नियम आणि दर अलीकडे वरचेवर बदलतात, म्हणून कुरिअरकडून लेखी घ्या. पुरावस्तूंच्या कायद्याची भीती मात्र नको. १९७२च्या त्या कायद्यात वस्तू किमान शंभर वर्षांची, हस्तलिखित-दस्तऐवज असेल तर पंचाहत्तर वर्षांचा असावा लागतो, तुमचा अंक १९५९चा.

सिनेमाच्या हवेबद्दल. २०२६च्या सुपरगर्ल सिनेमाची बातमी जाहीर झाल्यापासून या अंकाची चर्चा वाढली हे खरे. असे भाव प्रदर्शनाआधी चढतात आणि पुष्कळदा नंतर उतरतात. पण ती चढउतार मुख्यतः वरच्या श्रेणीत असते. तळाच्या प्रतीला ना तेवढा चढ, ना तेवढा उतार. ‘आत्ताच’ ही घाई भाच्याची आहे. तुमच्या अंकाला ती लागू नाही.

आता वाटणीचे. पत्रात तुम्ही ‘माझ्याकडे अंक आहे’ आणि ‘भाऊ वाटून घेऊ म्हणतो’ असे लिहिले आहे. त्यात आई कुठे आहे? मृत्युपत्र नसताना हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे बाबांच्या वस्तूंत आई, भाऊ आणि तुम्ही, तिघांचा सारखा वाटा आहे. तुमच्या एकटीचा निर्णय हा नाहीच, आणि भाऊ नि तुम्ही दोघांचाही नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, हा अंक बाबांनी कपड्यांच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळून इतकी वर्षे का जपला, हे सांगू शकेल असे माणूस आता एकच आहे. कदाचित त्यामागे मोठी कहाणी असेल, कदाचित ट्रंकेत तळाला कागद लागतो म्हणून टाकला असेल. दोन्हींपैकी काय, हे न विचारताच तुम्ही ‘आठवण विकली’ असा दोष स्वतःवर घेताय. अंक घेऊन भावाकडे जा, आईपुढे ठेवा, आणि ती जे सांगेल ते लेकीला फोनवर रेकॉर्ड करायला सांगा. त्यानंतरच विकायचे की ठेवायचे हे तिघांनी बोला.

ठेवायचे ठरले आणि भावाला पैसे हवे असले तर त्यालाही वाट आहे. वर काढलेला खर्च-वजा आकडा घ्या. समजा तो ९० हजार निघाला, तर भावाचा वाटा ३० हजार. तेवढे त्याला हप्त्याने द्या, दोन ओळी लिहून सही घ्या, विषय मिटला. विकायचे ठरले तरी त्यात बाबांचा अपमान नाही. बोटीवरच्या माणसाला वस्तू विकत घेणे, आणणे, कोणाला देणे हे रोजचे होते. नाव लिहिलेल्या कव्हरचा मोठा, स्वच्छ फोटो छापून ठेवा, ते अक्षर घरातच राहील. रक्कम मोठी असेल तर कराबद्दल सीएला आधी विचारा, नंतर नाही.

‘घरात कुजेल’ ही भीती खरी आहे, पण तिच्यावर इलाज स्वस्त आहे. डोंबिवलीत पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर राहते. कागदाला ४० ते ५० हवी. तेवढी घरभर जमणार नाही, एका डब्यात जमते. पॉलिएस्टरची, म्हणजे मायलर नावाने मिळणारी पारदर्शक पिशवी घ्या, ‘सिल्व्हर एज’ मापाची, सव्वासात इंच रुंद. तुमच्या अंकाला चालू काळातल्या अंकांची पिशवी अरुंद पडते आणि घालताना कव्हर सुटते. मागे आम्लरहित पुठ्ठा घाला, दोन्ही ऑनलाइन मिळतात. स्टेशनरीच्या दुकानातली मऊ, वास येणारी प्लास्टिकची फाइल नको, ती पीव्हीसीची असते आणि छपाईची शाई स्वतःकडे ओढून घेते. पिशवीत घालताना अंक आधी पुठ्ठ्यावर ठेवा आणि पुठ्ठ्यासकट आत सरकवा. पिशवीची झडप टेपने बंद करू नका, मागे दुमडून पुठ्ठ्याखाली खोचा. सर्वांत जास्त कव्हर याच वेळी फाटतात, झडपेची टेप अंकाला चिकटून. ज्या वर्तमानपत्रात तो गुंडाळला होता त्याची तारीख टिपून घ्या आणि ते वेगळे ठेवा. एकत्र नको, त्याचे आम्ल अंकाला लागते.

हे सगळे झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या ५० ग्रॅमच्या दोन पुड्या आणि २००-३०० रुपयांचा आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. पुड्या अंकाला टेकू देऊ नका. मीटर ६०च्या वर गेला की पुड्या बदला. डबा लोखंडी कपाटात, पण बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नाही आणि सर्वांत खालच्या कप्प्यात नाही. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांची वाफ प्लास्टिक आणि शाई दोन्हींना बाधते. कडुलिंबाचा पालाही नको, तो सुकताना ओलावा सोडतो आणि डाग पाडतो. कसरीला अंधार, ओल आणि गोंद लागतो. कोरड्या बंद डब्यात ती येत नाही. ज्यांच्या घरी १९६४पासून निघालेले मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे वेताळचे अंक आहेत त्यांनीही हेच करावे, फक्त परदेशी ग्रेडिंगच्या भानगडीत पडू नये. त्यांचा गिऱ्हाईक इथलाच असतो, आणि तो पाने पूर्ण आहेत का हे आधी विचारतो.

राहिली लेक. तिला वाचू द्या. पण रोज वाचायला मूळ अंक नको. या कथेची पुनर्मुद्रणे आणि सुपरगर्लचे जुने अंक एकत्र छापलेली पुस्तके मिळतात, ती मूळ अंकाच्या मानाने फारच स्वस्त. ते पुस्तक तिने लोळत, खात, कसेही वाचावे. मूळ अंक मात्र एकदा तिने नीट हाताळावा: चादर अंथरून, हात धुऊन, टॉवेल देऊन, शेवटची आठ पाने. पान वरच्या उजव्या कोपऱ्यातून नाही, मधल्या कडेला तळहाताचा आधार देऊन उलटायचे, हे आधी वर्तमानपत्रावर करून दाखवा. कागद ठिसूळ निघाला तर तिला पाने तुम्ही उलटून द्या. पाने मोजायचे, फोटोंचे आणि मीटर बघायचे काम तिच्यावरच सोपवा. जूनपासून दर पंधरा दिवसांनी, आणि गणपती झाल्यावर एकदा डबा उघडून वास घ्यायचा. कुबट वास आला तर त्याच दिवशी पुड्या बदलायच्या आणि पिशवी नवी घालायची.